पंख्याचा आवाज एकदम क्लिअर

‘उघडून नाई राह्यलं जी.’ ह्या एका वाक्यावर माझं घर पंधरा-सोळा वर्षं चाललं. आर्वीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक व्हीसीआर, पासपोर्ट फोटोसाठी एक निळा पडदा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं, एवढीच इस्टेट. माणूस आत यायचा, खिशातून कॅसेट किंवा सीडी किंवा कॅमेऱ्याचं नखाएवढं कार्ड काढून काउंटरवर ठेवायचा आणि हेच म्हणायचा. कोणी चिडून, कोणी रडकुंडीला येऊन. आणि मी म्हणायचो, ‘बसा. कशी उघडत नाही ते पाहतो!’ आज साठी उलटून गेली, गुडघे कुरकुरतात, पण तो क्षण आठवला की अजून अंगात वारं भरतं बाप्पा.

आताच्या पोरांना हा धंदा समजावून सांगणं कठीण आहे. फोनवर काढलं, पाठवलं, पाहिलं, झालं. आमच्या वेळी असं नव्हतं. नव्वदच्या आसपास अमेरिकेतल्या बहिणीनं भाच्याच्या वाढदिवसाची कॅसेट पाठवली, तर आपल्या टीव्हीवर तो भाचा काळा-पांढरा दिसायचा आणि वरून खाली घसरत राहायचा. त्यांच्याकडची टीव्हीची पद्धत वेगळी, आपली वेगळी. मग डिजिटल कॅमेरे आले. लोकांना वाटलं, आता कटकट संपली. कसली संपते! उलट माझी चांदी झाली.

फाइल म्हणजे डबा समजा. झाकणावर नाव लिहिलेलं असतं, पण आत भाजी कोणत्या पद्धतीनं शिजवली आहे ते झाकणावरून कळत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याची फोडणी वेगळी. विंडोजवाल्या कॉम्प्युटरला एक भाजी पचायची, मॅकवाल्याला दुसरी. कधी चित्र यायचं आणि आवाज गायब, कधी आवाज यायचा आणि चित्राच्या जागी हिरवा चिखल. माझं काम काय, तर डबा उघडायचा, आतलं काढायचं आणि समोरच्याच्या पोटाला झेपेल असं पुन्हा शिजवून द्यायचं. दहा मिनिटांचा व्हिडिओ शिजायला दोन-दोन तास लागायचे. तेवढ्यात लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून!

चुका झाल्या का? झाल्या की. आष्टीचे एक काकाजी होते, त्यांना बैल विकायचा होता. घ्यायला पाहणारा पांढुर्ण्याचा. काकाजींच्या जावयानं नव्या कॅमेऱ्यानं बैलाचं शूटिंग केलं, मी सीडी बनवून दिली, सीडी पांढुर्ण्याला गेली. आठ दिवसांनी तो माणूस पैसे घेऊन आष्टीला आला, बैलाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, ‘सीडीवाला बैल किधर है?’ मी काय केलं होतं, तर उंची-रुंदीचं माप चुकवलं होतं. चित्र आडवं ताणलं गेलं आणि बैल पडद्यावर दीडपट झाला! काकाजी तडक आठवडी बाजारातून माझ्याकडे. ‘अबे, माह्या बैलाले सूज आणली काय तू?’ मी नवी सीडी फुकट करून दिली. त्यांनी ती घेतली, आणि ताणलेलीही परत मागून नेली. म्हणाले, ‘हे बी राहू दे. पाह्यले बरी वाटते.’

पण आज जे सांगायचं आहे ते बैलाचं नाही. ती गोष्ट आठवली की मला हसू येतं आणि लगेच लाजही वाटते.

आधी माझा एक नियम सांगतो, कारण सगळा घोळ त्यानंच केला. लग्नाच्या शूटिंगवर हात बसलेला माणूस मी. त्यात एक गोष्ट पक्की शिकलो होतो: चित्र थोडं खराब असलं तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असला तर भांडायला येतात. मंगलाष्टक मधेच तुटलं की नवरीची मावशी दुकानाच्या पायरीवर हजर! म्हणून फाइल लहान करायची वेळ आली की मी चित्रावर कात्री चालवायचो, आवाजाला धक्का लावायचो नाही. व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं असतात. ती पंधरा केली, दहा केली, अगदी सहा केली, तरी माणूस हलताना दिसतो, थोडा झटके देत हलतो इतकंच. आवाज मात्र साफ पाहिजे. ह्या नियमाचा मला इतका अभिमान होता की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी तो ऐकवायचो.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट असेल. तळेगावचे गुणवंतसेठ दुकानात आले. त्यांचं तिथं कापडाचं दुकान. मोठा सरळ माणूस, आवाज मात्र खणखणीत. सोबत मुलगी, वैशाली, बावीस वर्षांची. जन्मापासून ऐकू न येणारी. नागपूरला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकली होती आणि हातांनी सरसर बोलायची. म्हणजे तिच्या मैत्रिणींशी बोलायची. घरात कोणाला ती भाषा येत नव्हती. गुणवंतसेठना चार-पाच खुणा यायच्या: जेव, ये, पाहुणे आले, दुकान लाव. बाकीचं पाटीवर नाहीतर कागदावर.

सेठनी सीडी काउंटरवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. ‘सुधाकरभाऊ, पोरीचं जमून राह्यलं. पोरगा बी असाच, ऐकू नाई येत त्याले. मूळचे मोर्शीकडले, आता पुण्याले राह्यतेत. छापखान्यात कॉम्प्युटरवर कॅलेंडरं बनवते. पाह्याचा कार्यक्रम झाला. आमी मोठे बोललो, चहा-पोहे झाले. हे दोघं चारचौघात लाजून नुसते एकमेकाकडं पाहून बसले.’

‘मग?’

‘मग हे पोरगी अडून बसली. कागदावर लिहून देल्लं मले, त्याच्याशी बोलल्याबिगर मी हो म्हणत नाई. आता कसं बोलनार? फोनवर त बोलता येत नाई याईले! मंग पोरानंच हे शूटिंग करून धाडलं. पन उघडून नाई राह्यलं जी.’

मी वैशालीकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, डॉक्टरच्या तोंडाकडे पाहतात तसं.

‘कधीपर्यंत पाहिजे?’

‘इतवारले निरोप द्याचा हाय. त्याईले दुसरं बी एक ठिकाण सांगून आलं हाय. भाऊ, याच्या आधी दोन जागी नाई झालं हिचं. हे जागा माह्या मनात भरली हाय.’

छापखान्यात मॅक असतो, फाइल त्याच जातीची होती. माझ्या कॉम्प्युटरवर मी ती उघडण्याची सोय करून ठेवली होती, उघडली. निळा शर्ट घातलेला तरुण, मागे छापखान्याची भिंत, वर गरगर फिरणारा पंखा. हात चालू. मी म्हटलं, ‘सेठ, व्हीसीडी करून देतो, घरच्या टीव्हीवर पाहा.’ ते एकदम दचकले. ‘नाई नाई! टीव्ही समोरच्या खोलीत हाय. लावला का मोहल्ला येऊन बसते. पोरीच्या लग्नाची गोष्ट हाय जी. दुकानात मागं बिलाचा कॉम्प्युटर हाय ना, तिथंच पाहीन ते एकटी.’

तो बिलाचा कॉम्प्युटर मला माहीत होता. आठव्या हाताचा. त्याच्यावर पूर्ण व्हिडिओ चालवला असता तर धापा टाकून मेला असता. मग मी माझा नियम लावला. सेकंदाला सहा चित्रं ठेवली. आवाज एक नंबर! शेवटी पोरगा उठून गेला होता आणि एक बाई पदर सावरत कॅमेऱ्यासमोर येऊन बसली होती, हात इकडे-तिकडे करत. मला वाटलं, कॅमेरा बंद करायला आली आहे आणि बटण सापडत नाहीये. लग्नाच्या कॅसेटमधल्या असल्या शेपट्या मी रोज कापायचो. कापली. सीडी तयार केली, वर स्केचपेननं ‘वैशाली’ असं लिहिलं आणि दिली.

शनिवारी सकाळी बापलेक पुन्हा दारात. सेठचा चेहरा उतरलेला. वैशाली बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. सेठनी खिशातून वहीचा फाटका कागद काढून माझ्यापुढे धरला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘तो तोतरा आहे. अर्धे शब्द बोलतो. मला समजत नाही. मला नको.’

‘आता हातानं बोलणारा मानूस तोतरा कसा असन, मले तर काई समजून नाई राह्यलं,’ सेठ म्हणाले. ‘पन ते नाई म्हणते. जबरदस्ती मी करनार नाई. हे तुमची सीडी. उद्या त्याईले नाही म्हणून कळवतो.’

आता माझा स्वभाव पाहा! एका मुलीचं लग्न मोडत होतं, आणि मला राग कशाचा आला, तर माझी सीडी परत आली ह्याचा. मी म्हटलं, ‘सेठ, माझ्या कामात खोट निघणार नाही. तुम्हीच ऐका.’ सीडी लावली, आवाज मोठा केला. ‘ऐका! पंख्याचा आवाजसुद्धा किती क्लिअर आहे! बाहेरून रिक्षा गेली ती ऐकू येते!’

सेठ शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘हाव. साफ हाय. पन सुधाकरभाऊ, तिले आवाज काय करा लागते?’

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग जे कळलं ते पायापासून डोक्यापर्यंत कळलं. अरे देवा! दोन ऐकू न येणाऱ्या माणसांच्या मधे बसून मी पंख्याचा आवाज जपला होता, आणि पोराचं बोलणं कापून टाकलं होतं. त्याचं बोलणं त्या हातांत होतं. हात वर असतानाचं एक चित्र, खाली आल्यावरचं दुसरं, मधली बोटांची सगळी वळणं मी खाऊन टाकलेली. तीसमधली चोवीस! तो पोरगा तोतरा नव्हता. त्याला मी तोतरा केला होता.

‘सेठ, थांबा!’ मी ओरडलोच. ‘उद्याचा निरोप देऊ नका! बसा, बसा आधी!’ मूळ फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर होती. होती ना? जागा कमी पडली की मी जुन्या फाइली उडवायचो, आणि शुक्रवारी संध्याकाळी बऱ्याच उडवल्या होत्या. एकेक फोल्डर उघडतोय, नाही, नाही, नाही. आणि सापडली! घाईत भलत्याच फोल्डरमध्ये, एका बारशाच्या फोटोंमध्ये पडली होती, म्हणून वाचली. माझ्या गबाळेपणाचा असा उपयोग पुन्हा कधी झाला नाही.

मी वैशालीच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. ती नाखुशीनंच वळली. फाइल चालू केली, पूर्ण, सेकंदाला तीस चित्रांची.

चार-पाच सेकंद ती तशीच बसून होती. मग उठली. दोन पावलं पुढं आली. मग काउंटरच्या आत आली, माझ्या खुर्चीजवळ, आणि मी खुर्ची सोडून दिली. ती बसली. तिचे डोळे नुसते पळत होते. मधेच ती हसली, आवाज करून हसली, आणि पडद्याला हातांनी काहीतरी उत्तर देऊन बसली! मग तिच्याच लक्षात आलं की तो ऐकणार, म्हणजे पाहणार नाही, आणि लाजली. सेठ मला विचारतात, ‘काय म्हणून राह्यला थो? काऊन हसते हे?’ मला काय माहीत! मी पण त्यांच्यासारखाच आंधळा. आम्ही दोघं ऐकू येणारे तिथं बावळटासारखे उभे, आणि दुकानात गप्पा रंगलेल्या.

मग ती शेपटी आली. पोरगा उठून गेला, पदर सावरत ती बाई बसली. वैशालीचं हसणं थांबलं. बाई हळूहळू एकेक खूण करत होती, मधेच अडकत होती, कॅमेऱ्यामागे कोणाकडे तरी पाहून विचारत होती, पुन्हा सुरू करत होती. चाळीस सेकंद असतील. संपल्यावर वैशालीनं माझ्याकडे वळून बोट गोल फिरवलं. पुन्हा लाव. मी लावलं. पुन्हा. तीनदा पाहिलं तिनं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

सेठ घाबरले. ‘काय झालं बाई? कोन हाय हे? काय म्हणते?’

तिनं सीडीचं कागदी पाकीट ओढून घेतलं आणि लिहिलं. ते पाकीट सेठनी नेलं, पण मजकूर मला पाठ आहे: ‘ही त्याची आई. म्हणते, दोन महिन्यांपासून मी शिकत आहे. अजून चुका होतात. तू आलीस की आपण दोघी बोलू. माझ्यावर हसू नको.’

सेठनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाकड्यावर जाऊन बसले. मी पाण्याचा ग्लास दिला, तो तसाच हातात धरून बसले.

लग्न झालं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव उगाच टांगणीला. मी गेलो होतो, पुण्याहून आलेल्या त्यांच्या मित्रमंडळींनी मांडवात जो धुमाकूळ घातला तो सांगायला दुसरा लेख लागेल. पण त्या शनिवारचं अजून थोडं राहिलं आहे.

वैशालीला उत्तर पाठवायचं होतं, आत्ताच्या आत्ता! मी निळ्या पडद्यासमोर तिला स्टुलावर बसवलं आणि पासपोर्ट फोटोच्या सवयीनं कॅमेरा चेहऱ्यावर लावला. ती हातानं मागे सारू लागली. मागे, आणखी मागे! बरोबर होतं तिचं, हात कापले जात होते. मी मागे सरकत-सरकत पाठीनं व्हीसीआरला धडकलो. मग ती जी बोलत सुटली! मला शब्द कळत नव्हता, पण तीन मिनिटं मी श्वास रोखून उभा होतो. मॅक माझ्याकडे नव्हता, तपासायची सोय नाही, म्हणून मी मनाशी ठरवलं की पोराची फाइल जशी शिजून आली होती तशीच ही शिजवायची, तीच मापं, तेवढीच चित्रं, एकही कमी नाही. आवाजाचा खटका मी स्वतः बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा.

तिचं झालं, ती उठली. मी कॅमेरा बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात सेठ म्हणाले, ‘थांबा भाऊ.’ टोपी काढून बाकड्यावर ठेवली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसले. ‘मले बी सांगा लागते त्या बाईले. हो कसं म्हणतेत, थे लिहून विचारा बरं हिले.’

मी कागदावर लिहिलं. वैशालीनं वाचलं, बापाकडे पाहिलं आणि खूण करून दाखवली. मुठीची साधी हालचाल. सेठचे हात तीस वर्षं कापड मापणारे आणि फाडणारे, ते ताठ. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिनं जवळ जाऊन त्यांची बोटं दुमडून दिली आणि फ्रेमच्या बाहेर झाली. तिसऱ्यांदा त्यांना जमलं. साठीला आलेला माणूस, कॅमेऱ्याकडे पाहून, खणखणीत आवाजातला एक शब्दही न काढता ‘हो’ म्हणाला. मी तर टाळ्याच वाजवल्या!

सेठ उठले नाहीत. कॅमेरा चालूच होता. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, ‘भाऊ, अजून एक लिहा. थ्या बाईनं दोन महिन्यात शिकून घेतलं. माह्या घरात बावीस वर्सं झाले. माफ कर कसं म्हणतेत, थे विचारा.’

मी लिहिलं. अक्षर वाकडं-तिकडं आलं. वैशालीनं कागद घेतला, वाचला. मग ती कॅमेऱ्यापाशी आली आणि तिनं स्वतः बटण दाबलं. लाल दिवा विझला. खाली फरशीवर बापासमोर बसली आणि त्यांचे दोन्ही हात तिनं आपल्या हातात घेतले.

मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. पुढचं माझ्याकडे काही नाही.